एलिमिनेटरचं वजन

शेवगावच्या बाजारात वस्तू हातावर तोलून घ्यायची रीत होती. फाळ असो, तवा असो, पितळेचा तांब्या असो, परीक्षा एकच: जड तेवढं खरं. याच अकलेने मी एकाहत्तरच्या हिवाळ्यात एलिमिनेटर घेतला. सेलऐवजी घरच्या विजेवर रेडिओ चालवणारी ती लोखंडी डबी. "हातात घिऊन तर बघा, आत नुसती तांब्याची तार हाय," दुकानदार म्हणाला. डबी खरंच जड होती.

लढाई सुरू झाली होती आणि माझा थोरला भाऊ आघाडीवर होता. रेडिओ दिवसभर चालू ठेवून सेल संपले, बाजारात नवे मिळेनात, म्हणून हा खटाटोप. वहिनी रेडिओपुढून हलत नव्हती. बातम्यांत एकेका जवानाचं नाव घेत नाहीत, हे सांगून मी थकलो होतो. ती म्हणायची, "ह्यांच्या बाजूचं काई तरी सांगत्याल की, भाऊजी."

डबी आणली त्याच संध्याकाळी बातम्या लागल्या. भाऊ होता त्या भागाचं नाव आलं, पुढे काय सांगतात म्हणून वहिनीने पदर तोंडाशी धरला, तोच रेडिओ गुरगुरला, डांबर जळाल्याचा वास सुटला आणि आवाज गेला.  वहिनी पुढचं ताट सारून उठली. त्यानंतर ती जेवण असं जेवलीच नाही. आई रागावली की दोन घास खायची.

मी डबी उघडली. आत डांबर ओतलेलं आणि डांबरात रस्त्यावरची खडी. खडी काढल्यावर ट्रान्सफॉर्मर उरला तो लिंबाएवढा. माझं डोकं भणाणलं. डबी घेऊन दुकानात गेलो, तर हा पठ्ठ्या म्हणतो, "उघाडलीच कशाला? आता खडी तुमी घातली का मी, कुनाला ठावं?" आणि वर हसला. भाऊ पुढे सुखरूप परत आला, पण ते हसू मी विसरलेलो नाही आणि माफ तर मुळीच केलेलं नाही.

मग ठरवलं, काट्याने काटा काढायचा. लढाई अजून चालूच होती, भावाची काही खबर नव्हती. बाजाराच्या दिवशी भर दुपारी गेलो. गिऱ्हाईक जमवायला त्याने स्वतःचा मोठा रेडिओ फळीवर लावला होता आणि बातम्या ऐकायला लोक दाटी करून उभे होते. मी एक नवी डबी उचलली, तोलली आणि शेजारच्या म्हाताऱ्याच्या हातात दिली.

"लई जड हाय," म्हातारा खूश झाला.

"मग लावा की तुमच्याच रेडिओला," मी दुकानदाराला म्हणालो. "बघू द्या लोकांना."

त्याचा चेहरा उतरला. "ह्यो सेलवरच बरा चालतो."

"आमच्याला चालंल अन् तुमच्याला न्हाई व्हय?" म्हातारा म्हणाला. मागचे लोकही लावा, लावा करू लागले. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

शेवटी त्याने लावली. बातम्या चालूच होत्या. थोड्या वेळाने ती गुरगुर आली, तोच ओळखीचा वास आला. तो बटणाकडे झेपावला, पण मी आधीच बटणावर हात ठेवून उभा होतो.

"राहू द्या," मी म्हणालो. "बातम्या संपू द्या."

रेडिओ वाक्याच्या मध्येच गेला. मी डबी सोडवली, म्हाताऱ्याने विळ्याच्या टोकाने तिचं झाकण उचकटलं आणि खडी सगळ्या बाजाराने पाहिली. दुकानदार कुणाकडे बघत नव्हता. मी मात्र त्याच्याकडे बघून हसलो.

घरी येऊन वहिनीला सगळं सांगितलं. चुलीपुढे बसून तिने ऐकून घेतलं.

"बातमी मधीच तुटली?" तिने विचारलं.

"मधीच."

"मग त्याला फुडचं कळलं न्हाई?"

"न्हाई."

तिने स्वतःसाठी ताट वाढून घेतलं आणि पोटभर जेवली.