माझ्या पॅलाडिनचं वाक्य

आधीच सांगते, मी फिजिक्स शिकवते. परभणीत, अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये. घर बौद्ध, पप्पा मास्तर. भूत-बीत, अंगात येणं असलं काही आमच्याकडे कुणी ऐकूनही घेत नाही. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून मी कमेंटमध्ये लोकांची टर उडवलेली आहे... शोधा, सापडेल. तरीही हे लिहितेय.

आम्ही चौघं मित्र-मैत्रिणी दर रविवारी दुपारी इम्रानच्या गच्चीवरच्या खोलीत रोल-प्लेइंग गेम खेळतो. फासे, वही आणि ज्याचं त्याचं पात्र. इम्रान गोष्ट चालवतो. माझं पात्र हाफ-एल्फ पॅलाडिन — आई एल्फ, म्हणजे परीकथेतल्या टोकदार कानांच्या जमातीची, बाप माणूस. शपथ घेतलेली योद्धा, हात ठेवून आजारी माणसाला बरं करणारी. एल्फ आजोबांनी तिच्या आईला घराबाहेर काढलं, असं मी वहीत लिहिलं होतं. कल्पनाशक्ती वगैरे काही नाही हो. माझी आई चारठाण्याची, हिंदू शेतकरी घरातली. बोरीच्या माझ्या पप्पांशी लग्न केलं म्हणून तिच्या वडिलांनी सव्वीस वर्षं तिचं तोंड पाहिलं नाही. त्यांना लकवा मारलाय, वाचा गेलीय, हे तिला बाजारात कुणाकडून तरी कळलं होतं. जायचं तर होतं, पण दारातून परत पाठवतील ही भीती. मला आजोबांचा नुसता संताप यायचा.

त्या रविवारी इम्रानने माझ्या पात्राला त्या एल्फ आजोबांच्या पलंगापाशी आणलं. मी वीस बाजूंचा फासा टाकला, सगळ्यात मोठा आकडा, वीस पडले. ते सोडा, वीस पडतात कधीकधी. मी त्यांच्या छातीवर हात ठेवतेय असं म्हटलं आणि तोंडून निघून गेलं, "आई बाहेर उभी आहे. तिला आत घ्या." मला रडू आलं, मग लाज वाटली, मग चहा झाला.

घरी आले तर आई चांगली साडी नेसून तयार, पप्पा गाडी काढत होते. मामाचा फोन आला होता, माझ्या जन्मात पहिल्यांदा. तो काय म्हणाला ते आईने जसंच्या तसं सांगितलं: "बाबा दोन महिने एक शब्द बोलले न्हाईत. आज म्हनले, ती बाहेर उभी हाय, तिला आत घ्या. आमी दारात जाऊन बघितलं, कुनीच न्हवतं. तू ये."

खेळाचं आम्ही मोबाईलवर रेकॉर्डिंग करतो. माझं वाक्य चार वाजून सात मिनिटांनी. मामाचा फोन चार अकराला.

आम्ही गेलो. आजोबा पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत, पण आईचा हात सोडला नाही. मामीने आईला जेवायला हाक मारली तरी सोडला नाही. नऊ दिवसांनी गेले.

योगायोग म्हणा, मीही तेच म्हटलं होतं. पण कागदावर कितीही मांडलं तरी माझं मलाच पटत नाही, आणि दुसरं कारण माझ्याकडे नाही. महिन्याभराने आईला सगळं सांगितलं, गेम म्हणजे काय इथपासून. वाटलं, हसेल. ती शेंगा सोलत होती.

"सव्वीस वर्षं मी तिथंच उभी होते की गं," ती म्हणाली. "कुणीतरी सांगायलाच पाहिजे होतं त्यांना."