तारीख न टाकता एंटर

बायको गेली. तिचं मशीन चालू आहे.

आज वर्षश्राद्ध झालं. पाव्हणे जेवून गेले. दुपारी कॉम्प्युटरवरचं तिनंच शिवलेलं कव्हर काढलं आणि वर्षानंतर पहिल्यांदा बटण दाबलं.

पंखा घरघरला. फ्लॉपी ड्राइव्ह खरखरला. हिरवी अक्षरं आली.

मशीननं विचारलं, आज तारीख काय?

हे मशीन सुरू केलं की तारीख विचारतंच. लोक म्हणतात, बॅटरी गेली असेल. गेली नाही. या मॉडेलला घड्याळाची बॅटरी मुळातच नव्हती. तारीख आपण सांगायची. आधी महिना, मग दिवस, मग साल.

न सांगता एंटर मारलं, तर ते १ जानेवारी १९८० धरतं.

आमचं आयुष्यभराचं भांडण यावरच.

सेलूच्या एका जिनिंगच्या ऑफिसनं काढून टाकलेलं हे मशीन मी पूर्णेत आणलं, क्लास काढला. कुठला कोर्स केला नाही. मॅन्युअल आणि डिक्शनरी शेजारी ठेवून शिकलो. नवीनच लग्न झालं होतं. नामांतराच्या दिवसांत बंद असला की क्लास रिकामा, आणि सुमन मशीनवर.

एकच गेम. वरून विटा पडायच्या, खाली ओळीत बसवायच्या.

"सुमन, तारीख टाकलीस का?"

"आवं, त्याला कुठं पंचांग बघायचंय? मारलं एंटर."

"क्लासच्या फायलींवर ऐंशी साल पडायलंय."

"पडू द्या की. माझ्या विटा थांबल्यात."

पुढं क्लास बंद झाला. मशीन घरी आलं. लेकानं तोच गेम लॅपटॉपवर टाकून दिला. पण जुना गेम मशीनच्या वेगानं पळतो, हे त्याच्या लक्षात आलं नाही. नव्या मशीनवर डोळ्याची पापणी लवायच्या आत खेळ खलास.

सुमन म्हणाली, "ह्या विटा हायत का गारा? ऱ्हाऊ दे बाबा. माझं म्हातारंच बरं."

मग ते म्हातारं जगवायचं काम माझं.

ड्राइव्हचं हेड स्पिरिटनं पुसायचं. फ्लॉपीला बुरशी लागायच्या आत गेम दुसऱ्या फ्लॉपीवर घ्यायचा. स्पेसच्या बटणाखाली बॉलपेनची स्प्रिंग बसवली. ती अजून आहे.

मागच्या वर्षी ती परभणीला दवाखान्यात होती, तेव्हाच ड्राइव्ह गेला.

तिला स्वतःच्या रिपोर्टपेक्षा त्याचीच काळजी. "झालं का ओ मशीन?"

"करायलोय."

नांदेडच्या भंगारातून एक बंद ड्राइव्ह आणला. दोन मेलेल्यांचा मिळून एक जिवंत केला. मशीनच्या बाबतीत हे जमतं.

दवाखान्यात जाऊन सांगितलं, "चालू झालं. घरी चल, खेळ."

ती हसली. ओठ सुकले होते.

"तुमी तारीख टाकू नका बरं. एंटर मीच मारणार."

"बरं," म्हणालो. त्या भांडणात पहिल्यांदाच.

ती घरी आली ती ॲम्ब्युलन्समधून. झाकलेली.

आज स्क्रीनवर तोच प्रश्न. तारीख काय?

मी महिना टाकला. दिवस टाकला. साल टाकायला बोट पुढं जाईना. कारण या तारखेला तू नाहीस. उद्याच्याही नाहीस. यापुढं मी बरोबर टाकीन त्या कुठल्याच तारखेला नाहीस.

सगळं पुसलं.

एंटर मारलं.

१ जानेवारी १९८०.

आज तू माहेरी, ताडकळसला आहेस. परकर-पोलक्यात. आईचा हात सोडून बाजारात पुढं पळायलीस. मला ओळखत नाहीस.

चालंल.

आहेस ना.

विटा पडायला लागल्या. मी एकही बसवली नाही. मला तो गेम येतच नाही. मला फक्त तो चालू ठेवता येतो.

सुमन, भांडण तू जिंकलीस.

श्रद्धांजलीच्या खाली तारीख लिहितात. हिच्याखाली मी लिहीत नाही.