हिरव्या पट्टीचा डबा

नवरा गेल्यावर माझ्याबद्दलचं खरं ठाऊक असलेला गावात एकच माणूस उरला, आमचे डॉक्टर. नवरा टेम्पो चालवायचा. बेल्ह्याच्या बाजारातून बैल भरायचा आणि कुठे कुठे पोचवायचा. त्याने घरी आणलेला एचआयव्ही माझ्या रक्तात राहिला. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून मी दर महिन्याला गोळ्या आणते आणि त्यांच्यावर धडधाकट आहे. गावाला वाटायचं, बाई अस्तर आणि हुक आणायला जाते. मी ब्लाउज शिवते. निम्म्या गावाची मापं मला तोंडपाठ आहेत. खरं कळलं तर यातली एकही बाई माझा टेप अंगाला लावून घेणार नाही, हे मी धरूनच चालले होते.

डॉक्टरांनी कुणाला सांगितलं नाही. एवढ्यासाठी मी त्यांना मनोमन हात जोडायची.

आमच्याकडे अंगात कणकण आली की गोळीवर कुणाचं समाधान होत नाही. सुई लागते. सुई न देणारा डॉक्टर गावात महिनाभर टिकणार नाही. टोमॅटोच्या तोडणीत बायका सुई टोचून घेतात आणि तशाच परत रानात जातात. मीही थकवा आला की जायची, फक्त मागच्या दाराने आणि सगळे पेशंट आटोपल्यावर. डॉक्टर फडताळातून स्टीलचा एक डबा काढायचे. झाकणावर हिरवी चिकटपट्टी. "ही तुझी वेगळी ठेवलीय. उकळून," म्हणायचे. पुढच्या खोलीत ते प्रत्येकाला नवं पाकीट फोडायचे, ते मी पाहिलं होतं. तरी मला आपलं कौतुकच वाटायचं, की या माणसाने माझी म्हणून काही वस्तू जपून ठेवलीय.

सुई मात्र बोथट असायची. माझं पोट सुईवर चालतं. बोथट सुई कापडात कशी अडते ते मला कळतं, मग दंडात अडलेली कळणार नाही? एकदा म्हटलंही, "दुखतंय ओ." "औषधच तसं आहे," म्हणाले. मला पटलं. त्यांनी दिवसा चांदणं दाखवलं असतं तरी पटलं असतं.

मग नेहमीच्या रक्ततपासणीत लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले. आणखी तपासण्या झाल्या आणि मला पुण्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाई माझ्या भाचीच्या वयाच्या. म्हणाल्या, हिपॅटायटिस सी आहे. रक्तातून पसरतो. एचआयव्ही सोबत असला की लिव्हर लवकर खराब करतो, म्हणून थांबायचं नाही. तीन महिने रोज गोळ्या, सरकारकडून फुकट. एचआयव्हीच्या गोळ्या एक दिवसही सोडायच्या नाहीत, दोन्ही औषधं एकमेकांना चालतात का ते बघूनच देते.

"आणि हा बरा होतो," त्या म्हणाल्या.

"बरा म्हंजे?"

"म्हणजे जातो. रक्तातून निघून जातो."

इतक्या वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. मी पदर तोंडाला लावून रडले. मग त्या म्हणाल्या, "पण पुन्हा होऊ शकतो हं. ज्या रस्त्याने आला तो रस्ता बंद व्हायला हवा."

रस्ता कुठला, ते मला काही केल्या आठवेना. सगळं खापर मी मेलेल्या नवऱ्यावर फोडलं. त्याच्या फोटोसमोर उभी राहून नाही नाही ते बोलले. मग पुढच्या खेपेला, पुण्यातल्या त्याच दवाखान्यातल्या बाकावर एक बाई भेटली. पेठ गावची. तिलाही दोन्ही आजार, तिलाही त्याच गोळ्या. तिचं माहेर आमच्या गावाला लागून, म्हणून आमच्या डॉक्टरांचा विषय निघाला.

"लई देवमाणूस हाय," ती म्हणाली. "कुणाला बोलत न्हाईत. माझी तर सुई बी वेगळी ठेवत्यात, डब्यात."

मी विचारलं, "डब्यावर हिरवी पट्टी हाय का?"

तिने मान डोलावली आणि मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. सवयीने मागच्याच दाराने. पुढच्या खोलीत माणसं खोळंबली होती. मी डबा मागितला. डॉक्टर दचकले नाहीत, हेच मला जास्त लागलं. म्हणाले, "अगं, तुम्हा लोकांना आधीच झालेलं आहे. एकाची सुई दुसऱ्याला लागली म्हणून नवीन काय होणार होतं? बाकी गावाला धोका नको, म्हणून वेगळी ठेवली."

तुम्हा लोकांना. इतकी वर्षं मला वाटत होतं, हा माणूस मला भीत नाही.

"किती जण आहेत डब्यावर?"

"ते कसं सांगणार? तुझं कधी सांगितलं का कुणाला?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "डबा आजच टाकून देतो. विषय संपला."

विषय त्यांचा संपत होता. डब्यावरच्या बाकीच्यांचं लिव्हर आतल्या आत जाणार होतं आणि त्यांना पत्ताही लागणार नव्हता. मीही गप्प बसणार, याची डॉक्टरांना पक्की खात्री होती. माझं गुपित त्यांनी कशासाठी जपलं, ते मला तेव्हा समजलं. माझं डोकं फिरलं.

मधलं दार उघडून मी पुढच्या खोलीत गेले. बाकावर माझी चार गिऱ्हाइकं होती. म्हाताऱ्या, पोरं, शेवटाला गावातले एक मानकरी. मी म्हणाले, "मला एचआयव्ही हाय. हितं मला ज्या सुईनं टोचलं, ती आणखी कुणाकुणाला टोचली. मला त्यातनं दुसरा आजार झालाय. ज्यांना मागच्या दारानं येऊन डब्यातली सुई घ्यावी लागती, त्यांनी रक्त तपासा. ह्यो आजार बरा व्हतो."

मानकरी उठून निघून गेले.

संध्याकाळपर्यंत बायका पोरांना पाठवून न बेतलेली कापडं परत नेऊ लागल्या. एकीने शिवलेला ब्लाउजही नेला नाही. डॉक्टरांचा दवाखाना दोन दिवस बंद राहिला आणि मग पुन्हा भरला. गावाला सुई लागतेच.

त्या आठवड्यात दुपारी दारात चपला वाजल्या. तेच मानकरी. यात्रेत पहिला नारळ ज्यांचा, ते माझ्या उंबऱ्यापाशी टोपी हातात धरून उभे. मी बसा म्हटलं. ते मशीनपाशी बसले.

"पोरी," ते म्हणाले, "मला तर सांगितलं व्हतं, ती सुई फक्त माझीच हाय म्हणून."