राहीबाईची उज्जीवन सभा

चौऱ्याऐंशी साली भैंसा गावच्या ख्रिस्ती मंडळीत श्रद्धा नव्यानं जागवणारी उज्जीवन सभा ठरली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद राहीबाईला झाला. चर्चच्या मुलींच्या वसतिगृहात ती स्वयंपाक करायची. नवरा गेल्यापासून चूल आणि चर्च, एवढंच तिचं जग. पण गेली काही वर्षं आत कुठेतरी सगळं कोरडं पडलं होतं. गाणी पाठ होती म्हणून ओठ हलायचे. प्रार्थनेला डोळे मिटले की उद्याची डाळ आठवायची. याची तिला लाज वाटे, आणि सांगणार तरी कोणाला? हैदराबादचे मोठे उपदेशक येणार, थकल्याभागल्यांना नवं बळ मिळणार, असं चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनी सांगितलं, तेव्हा तिला वाटलं, हे आपल्यासाठीच आहे. तिनं ठेवणीतलं लुगडं काढून धुतलं.

सभेच्या पहिल्या सकाळी पाळकसाहेब चुलीपाशी आले. "राहीबाई, पाव्हणे लय आले. आजचा दिवस सांभाळा. उद्या तुमी समोर बसा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तर नुसता निरोप आला. मंडपामागच्या धुरात राहीबाई भाकरी थापत होती आणि तिची सोबतीण ताराबाई त्या भाजत होती. भोंग्यांची तोंडं सगळी रस्त्याकडे. मागे नुसता गोंगाट. चर्चचे पंच मात्र मधूनमधून येत, चहात साखर कमी पडली म्हणून सांगून जात.

शेवटच्या दुपारी पाण्याची घागर घेऊन ती मंडपात शिरली. पाळकसाहेब बोलत होते.

"आपल्यातले काही जण विश्वासात कोमट झाले आहेत. आपल्या राहीबाईच बघा. दाराशी सभा, पण एकदाही येऊन बसल्या नाहीत. त्यांच्यासाठी प्रार्थना करू या."

सगळ्या माना खाली झुकल्या. राहीबाईनं घागर दाणकन खाली ठेवली.

"माह्यासाठी प्रार्थना? अन् ह्या तीन दिसांत तुमच्या पोटात गेल्या त्या भाकरी कोनाच्या हातच्या? मी काऊन आली नाई, हे इचारलं का एकानं तरी? उद्या बसा, उद्या बसा म्हनून तुमीच मले चुलीपुढं बसवून ठेवलं. अन् आता मीच कोमट?"

उपदेशक तेलुगू बोलणारे. बाई काय म्हणते, असं त्यांनी शेजारच्या दुभाष्याला विचारलं. तो चपलांकडे बघत राहिला.

"सांगा ना त्याईले तेलुगूत!" मागून ताराबाई ओरडली.

त्यानं सांगितलं नाही. संध्याकाळी राहीबाईनं चूल पेटवली नाही. पंचांनी बसस्टँडवरच्या हॉटेलातून पुऱ्या आणवल्या.

सकाळी पाहुणे गेले. ओसाड मंडपात सतरंजीवर ती एकटीच बसली. अंगातला संताप अजून उतरला नव्हता. हात जोडले, पण पाठ केलेलं काहीच तोंडात येईना. मग ती मोठ्यानं बोलली, "देवा, मी थकली. तुह्या नावानं राबून राबून थकली. त्याईनं मले भर सभेत उभं केलं, अन् तू गप. बोलला काऊन नाई?"

इतक्या वर्षांत देवाशी ती असं कधी भांडली नव्हती. भांडता भांडता रडू आलं, आणि रडता रडता ती तिथेच झोपली.

ताराबाईनं हलवून उठवलं. हातात गरम भाकर आणि ठेचा. "जेव."

दुसऱ्यानं केलेलं कधी खाल्लं होतं, राहीबाईला आठवेना. जेवणाआधीचे आभार ती सवयीनं पुटपुटू लागली आणि मध्येच अडखळली. शब्द तेच होते, पण आज ते ज्याला म्हणायचे, तोच समोर बसून ऐकत होता. तिनं ते पहिल्यापासून, सावकाश म्हटले.

पंचांचा राग काही गेला नाही. पाहुण्यांपुढे मंडळीची इज्जत घालवली, माफी मागा, असं ते कितीतरी महिने म्हणत राहिले. राहीबाई दर रविवारी चर्चला यायची, खुल्या गळ्यानं गायची, आणि माफीचं निघालं की म्हणायची, "मागायची तं देवाची मागीन. पर त्यो काई अजून मागा म्हनला नाई."