रावसाहेबांच्या हॉलमधली लांडगीण

मी तळेगावात चित्रकला शिकवते. शाप, भूतबाधा असलं कुणी बोलायला लागलं की उठून जाणाऱ्यांतली मी. आजही विश्वास बसलाय असं म्हणणार नाही... पण जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

टाकवे बुद्रुकच्या वरच्या अंगाला गवताळ माळ आहे. दोन हिवाळे दर रविवारी सकाळी मी तिथे एका लांडगिणीची स्केचेस करायला जायचे. शेजारच्या शेताचे मालक सहादूआबा मला त्यांच्या बांधावर बसू द्यायचे. दुसऱ्या हिवाळ्यात तिला चार पिल्लं झाली. मला बघून ती पळायची नाही — ओळख म्हणाल तर एवढीच.

मग माळ विकला गेला. नव्या मालकांना आपण रावसाहेब म्हणू. एका रविवारी गेले तर बिळावर जेसीबीने माती लोटून वर रोलर फिरवलेला.

"पिल्लं?" मी विचारलं.

"आतच," आबा म्हणाले. "आमी सांगितलं त्यास्नी, दोन दिस थांबा, ती हलवील पोरं. हसले नुस्ते. बाई, ती चार दिस उकरत व्हती हितं. पंजे रगताळले. मग कुटं गेली, ठावं न्हाई."

वनखात्याकडे तक्रार केली. पुढे काही झालं नाही.

वर्षभराने रावसाहेबांचाच फोन. माळावरचा त्यांचा बंगला तयार होता. "मॅडम, तुम्ही जनावरं छान काढता म्हणे. हॉलसाठी वाघ काढून द्या ना एखादा."

तक्रार करणारी मीच, हे त्यांना माहीत नव्हतं. "लांडगीण देते," मी म्हणाले. "माझ्याकडून भेट."

महिनाभर रंगवत होते. खरं सांगते, त्या महिन्यात माझ्या मनात चांगलं काही नव्हतं. ब्रश टेकवताना एकच म्हणायचे — याला सुखाने बसू देऊ नकोस.

चित्र पोचवून तीन आठवडे झाले आणि पुन्हा फोन आला. आवाज बसलेला. "एकदा येऊन बघा."

भर दुपारी आबांना घेऊन गेले. हॉलमध्ये ओल्या जनावराचा वास. चित्राच्या बरोबर खालची फरशी उखडलेली, हातभर खोल खड्डा. कडेच्या सिमेंटवर नखांचे ओरखडे आणि वाळलेलं रक्त.

"आम्ही कुत्रा पाळत नाही," रावसाहेब म्हणाले. "खिडक्यांना ग्रिल आहे, दाराला कुलूप होतं. तीनदा बुजवलं. चित्र भिंतीवरून उतरवायला माणूस आणला, तर तो शिडीवरून खाली उतरला आणि शिडी तिथेच टाकून निघून गेला."

आबांनी दारातून समोरच्या बांधाकडे बघत अंदाज घेतला. "बीळ हितंच व्हतं," ते हळूच म्हणाले.

चित्र कुठे लावायचं ते मी सांगितलं नव्हतं.

रावसाहेबांनी हात जोडले. "घेऊन जा हे."

"पिल्लं आत आहेत, माहीत होतं ना तुम्हाला?"

त्यांनी खड्ड्याकडे बघितलं. मग मान हलली — हो.

"मग राहू दे," मी म्हणाले आणि आबांना घेऊन बाहेर पडले.

बंगला आता बंद असतो. कुणी म्हणतं घूस असेल. घूस सिमेंट फोडते का, मला माहीत नाही. आणि ते शोधावंसंही वाटत नाही.

रावसाहेबांचे अजून फोन येतात. मी उचलत नाही.