पिस्तुलावर घातलेलं नाव

मला बंदुकांचा तिटकारा आहे. तरी इथे परदेशात नेपरव्हिल गावाजवळच्या जुन्या शस्त्रांच्या प्रदर्शनात गेलो, कारण ऑफिसातल्या मित्राला राइड हवी होती. तिथे एक आजोबा दिसले. बाकीची टेबलं गच्च भरलेली, आणि यांच्या टेबलावर निळ्या टॉवेलवर एकच पिस्तूल. शेजारी पाटी: विकायचं नाही. हातात पांढरे सुती हातमोजे, घामाने लोखंड गंजू नये म्हणून. बघणारा पुढच्या टेबलाकडे गेला की ते पिस्तूल असं पुसायचे, जसं जेवलेल्या बाळाचं तोंड.

"लिथुआनियाच्या सैन्याचं," ते मला म्हणाले.

"तिथेच बनवलेलं?"

ते पोट धरून हसले. "आम्ही लोणी बनवायचो! पिस्तुलं बेल्जियमहून मागवली. ही खूण तेवढी आमची." पोलादावर तीन खांबांचं छोटंसं चिन्ह होतं. "पिस्तुलं आली आणि थोड्याच वर्षांत रशियन आले. सैन्य गेलं, देशही गेला."

 मी सांगितलं, आमच्याकडेही भांडी दुकानातूनच आणतात, पण त्यांवर नाव घालून घेतात. आईचं नाव घातलेली एक वाटी माझ्या किचनमध्ये आहे. आई आता नाही.

 आजोबांनी हातमोजा काढला आणि माझं बोट धरून त्या खुणेवर टेकवलं.

"अहो, गंजेल ना!"

"गंजू दे. पन्नास वर्षं आम्ही नकाशावर नव्हतो. इथे, या खुणेत होतो."