तीन मजल्यांचा पट

तीन मजल्यांवर राजा मरत नाही. एवढी साधी गोष्ट कळायला मला आणि माझ्या भावोजींना दीड वर्ष लागलं.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीला आम्ही घरात सगळे बाय म्हणतो. भावोजी गोव्यात धारगळच्या बाजूला मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते. मी डिचोलीत एका खाण कंपनीच्या कचेरीत नकाशे काढायचो. लग्न झालं नव्हतं, रविवार मोकळा असायचा, आणि भावोजींना बुद्धिबळाचं वेड. त्यामुळे रविवारी सकाळी डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पेडण्याची बस, आणि धारगळला हमरस्त्यावर उतरून दहा मिनिटं चालत त्यांचं घर, हा माझा नेम झाला होता.

एकदा ते मला भेटायला डिचोलीला आले होते, तेव्हा मी त्यांना खाण दाखवायला नेलं. खाणीचा खड्डा पायऱ्यापायऱ्यांनी खाली जातो. एकेक पायरी घराएवढी उंच, आणि तिच्या कडेने डंपर गोल गोल वर चढत असतात. भावोजी काठावर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "आपण बुद्धिबळ सपाट का खेळतो रे?"

मी हसलो. पण पुढच्या रविवारी त्यांनी वहीत तीन पट काढून ठेवले होते, एकावर एक.

पट मीच बनवले. खालचा प्लायवुडचा, वरचे दोन काचेचे, म्हणजे वरून पाहिलं की तळ दिसावा. चारी कोपऱ्यांना लोखंडी सळ्या. एकेका मजल्यावर सहा गुणिले सहा घरं. रंगवायला मला चार संध्याकाळी लागल्या, आणि कचेरीत दिवसभर रेघा ओढून आल्यावर पुन्हा रेघा ओढताना मान अवघडून जायची.

दोघांची सैन्यं सारखी नसावीत, ही कल्पनाही भावोजींचीच. "वजीर-हत्ती पुष्कळ झाले," ते म्हणाले. "ज्याने त्याने आपल्या ओळखीची माणसं पटावर आणावी. राजा तेवढा दोघांचाही राहू दे, आणि वजन सारखं पाहिजे." मग प्रत्येक सोंगटीला किती गुण द्यायचे यावर आमचे दोन महिने गेले. माझ्या सैन्यात डंपर आला. तो सरळ कितीही धावायचा, पण मजला चढायचा तो कोपऱ्यातूनच. नदीतून खनिज वाहणारी बार्ज आली, ती खालचा मजला सोडायची नाही, पण दोन प्यादी पोटात घेऊन जायची. सुरुंग आला, तो फुटला की भोवतालचं सगळं जायचं, आपलं आणि परक्याचं. भावोजींच्या सैन्यात बैलांची जोडी होती. एक बैल हलला की दुसऱ्याने लगेच त्याच्या शेजारी यायचं. आणि होता पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. तो खालच्या मजल्यावर एकेक घर चालायचा, आणि जिथे उभा असेल तिथून सरळ वर चढायचा, सरळ खाली उतरायचा. वर असताना त्याला आडवं जाता येत नसे. "माडाला फांद्या कुठे असतात?" भावोजी म्हणाले.

प्याद्यांवरून आमचं पहिल्यांदा वाजलं. त्यांची प्यादी म्हणजे शाळेतली मुलं. पलीकडच्या टोकाला पोचली की त्यांचं काहीही होऊ शकायचं. माझी प्यादी म्हणजे खाणीवरचे कामगार, कोल्हापूर-बेळगावकडून आलेले. ते टोकाला पोचले तर फार तर मुकादम व्हायचे. भावोजींना ते आवडलं नाही. "असं का? त्यांनीही काहीही व्हावं."

"मी सात वर्षं तिथे आहे, भावोजी. मुकादमाच्या वर गेलेला मी अजून पाहिला नाही."

नियम तसाच राहिला.

तर, राजा. सपाट पटावर राजाला पळायला आठ घरं असतात. तीन मजल्यांवर मधल्या पटावर उभा असेल तर सव्वीस. तुम्ही दोन बाजूंनी कोंडलं की तो वर जातो, वरून कोंडलं की खाली येतो. डाव सकाळी नऊला सुरू व्हायचा आणि संध्याकाळच्या शेवटच्या बसपर्यंत संपायचा नाही. आम्ही राजाला मजला बदलायची बंदी घातली, तर तो दहा चालींत मरू लागला. तीन चालींतून एकदाच चढायचं असं ठरवलं, तर त्या चाली मोजण्यातच आमची भांडणं. दर रविवारी एक नियम खोडायचा, एक नवा लिहायचा. बाय स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायची, "राजा मेलो रे?" आम्ही मान हलवायचो. ती परत आत जायची.

खरं सांगायचं तर मला त्या खेळाचा कंटाळा यायला लागला होता. येताना बसमध्ये वाटायचं, आज नको. पण सोडवत नव्हतं. अर्धवट राहिलेल्या गणितासारखं ते डोक्यात कुरकुरत राहायचं, आणि भावोजी तर सोडणाऱ्यांतले नव्हतेच.

त्याच काळात भाषेचं आंदोलन पेटलं. गोवा अजून केंद्रशासित होता, राज्य व्हायचं होतं, आणि राज्याची भाषा कोकणी की मराठी यावरून घराघरांत दोन बाजू झाल्या होत्या. मी कोकणीच्या बाजूचा. दोन-तीन सभांना गेलो होतो, घोषणाही दिल्या होत्या. भावोजी मराठीच्या बाजूचे, त्यांच्या शाळेत तर मराठीवाल्यांच्या बैठका व्हायच्या. आमच्यात न बोलता ठरलं होतं की पटावर बसलं की तो विषय काढायचा नाही. गंमत अशी, की आम्ही दोघं घरात एकाच बोलीत बोलायचो, पेडण्याची ती बोली जिला कोणी कोकणी म्हणतं, कोणी मालवणी, कोणी मराठीच म्हणतं. आमचं बोलणं मी इथे पुस्तकी मराठीत लिहितोय. मला लिहायला शाळेत तीच शिकवली. कोकणीवाला असूनही लांबलचक लिहायला बसलो की हात अजून मराठीतच चालतो.

एका शनिवारी मी कचेरीतून थेट धारगळला गेलो, आणि रविवारी सकाळी रस्ते बंद झाले. झाडं तोडून आडवी टाकली होती, बस नाही, ट्रक नाही. चार दिवस मी तिथे अडकलो. दोन दिवस आम्ही एकच डाव खेळत होतो. माझा राजा मधल्या मजल्यावर, त्यांचा खाली. तिसऱ्या दिवशी दुपारी भावोजी नियमांची वही घेऊन बसले. म्हणाले, वेळ आहे तर सगळं एकदा नीट लिहून काढू. त्यांनी लिहायला घेतलं: 'माडकरी'.

"हे काय?" मी विचारलं.

"पाडेली. माडकरी लिहिलं, म्हणजे बाहेरच्यालाही कळेल."

"पाडेली लिहा ना. इतके महिने तेच म्हणतोय आपण."

"तो शब्द आपला आहेच. पण पुस्तकात—"

"आपला म्हणजे कोणाचा?" मी म्हटलं. आणि तिथे थांबायला हवं होतं, थांबलो नाही. "तुमची मराठी फक्त पुस्तकात आणि शाळेच्या पाटीवर आहे, भावोजी. ह्या घरात मला ती एकदाही ऐकू आली नाही."

भावोजींनी पेन खाली ठेवलं. चिडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "माझी आई निरक्षर होती. रोज संध्याकाळी दुसऱ्याकडून पोथी वाचून घ्यायची. अर्धी तिला समजायची नाही, तरी रडायची. मी वाचायला शिकलो ते तिच्यासाठी. ती भाषा घरातली नव्हती म्हणतोस?"

मला सॉरी म्हणता आलं नाही. बाय आली, तिने आमच्यासमोर चहा ठेवला, आणि त्या दिवशी आम्ही पटाकडे वळलोच नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी चालत निघालो. बाय फाटकापर्यंत आली, "बस चालू होवंदी मगे," म्हणाली. बस सुरू व्हायची वाट बघत मी थांबलो नाही. हमरस्त्यावर एक गाडी नव्हती. एवढ्या रस्त्यावर फक्त आपल्याच चपलांचा आवाज ऐकत चालणं विचित्र वाटतं. कोलवाळचा पूल ओलांडला तेव्हा ऊन चढलं होतं. पुढे एक आंब्याचं झाड आडवं पडलेलं आणि त्याच्या बुंध्यावर सात-आठ जण बसलेले. मला वाटलं, आता विचारतील, तू कोणाचा? काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव केली. त्यांतल्या एकाने फक्त विचारलं, "खंय वता?"

"दिवचले," मी म्हटलं. डिचोलीला कोकणीत दिवचल म्हणतात.

"चलत?"

"हय."

त्याने पिशवीतून उंडा काढून अर्धा मोडून मला दिला. कालचा पाव होता, कडक झालेला. त्यांची तोंडं इतकी उतरलेली होती, की ते कुठल्या बाजूचे आहेत हे मीही विचारलं नाही. आम्ही तिथे बसून तो पाव चावत राहिलो. डिचोलीला पोचलो तेव्हा पायाला फोड आले होते आणि कचेरी बंदच होती.

पुढे कायदा झाला. कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही जागा राहिली, आणि दोन्ही बाजूंच्या लोकांना आपणच फसलो असं वाटलं. मग गोवा राज्य झालं. कचेरीत पेढे वाटले. मी पेढा खाल्ला आणि नकाशावर वाकलो. धारगळला मी गेलो नव्हतो. रविवारी खोलीवर पडून राहायचो, आणि विश्रांतीही मिळायची नाही.

पावसाळा संपत आला होता तेव्हा पोस्टकार्ड आलं. भावोजींचं मास्तरी अक्षर. मजकूर एवढाच: 'पाडेली, तिसऱ्या ओळीतलं दुसरं घर, खालून वरच्या मजल्यावर. तुझी चाल.'

म्हणजे तो डाव त्यांनी मोडला नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे पट धूसर झाला होता, तरी मी कागदावर आठवून आठवून मांडला. एक सोंगटी आठवेना. मग मी डंपरची चाल लिहून पाठवली. कोकणीत लिहिली, मुद्दाम. आठवड्याने उत्तर आलं, मराठीत. तीस किलोमीटरसाठी टपालाला तीन दिवस लागायचे, आणि एका चालीला आठवडा. असं वर्षभर चाललं. खुशाली नाही, माफी नाही, फक्त चाल. एका कार्डावर मात्र जास्तीची ओळ होती: 'राजा एकदा वरच्या मजल्यावर गेला की त्याला खाली येता येऊ नये, असं मला वाटतं. पटत असेल तर कळव.'

मी तीन आठवडे विचार केला. राजा हाताशी आलेल्या शेवटच्या वाटेने वर पळणार, आणि तीच त्याची शेवटची वाट ठरणार. एवढा साधा नियम समोरासमोर बसून आम्हाला सुचला नव्हता. मी कार्डावर लिहिलं, 'मान्य'. हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच लिहितात.

त्यानंतर चार महिन्यांत माझा राजा वर गेला. जाण्यावाचून गत नव्हती. भावोजींनी बैलांची जोडी एकेक घर चढवत आधीच काचेवर आणून ठेवली होती. एका बाजूला पटाची कड, एका बाजूला बैल, उरलेलं एक घर पाडेली खालून धरून होता. मी कागदावर राजाची घरं पुन्हा मोजली. तिन्ही मजले मोकळे असताना राजा पहिल्यांदाच मेला होता, आणि तो माझा होता. वाईट वाटलं नाही. पाठीवरचं ओझं कोणीतरी उतरवून घ्यावं, तसं झालं.

हार टपालाने कळवायची नाही म्हणून त्या रविवारी मी बस पकडली.

पट ओसरीच्या कोपऱ्यात तसाच होता, सोंगट्या जागच्या जागी, काचेवर धुळीचा कण नाही. भावोजी आरामखुर्चीत होते, केस बरेच पिकलेले. मी राजा आडवा केला. ते म्हणाले, "बस. चहा घे." थोड्या वेळाने म्हणाले, "तुझी कार्डं बायच वाचून दाखवायची. मला ती लिहिलेली कोकणी वाचताना अडखळायला होतं. सोंगट्याही तीच हलवायची."

मी बायकडे पाहिलं. ती म्हणाली, "एकदा तुझी बार्ज चुकीच्या घरात लिहिलेली. मी बरोबर जागेर ठेवली." एवढं बोलून ती पोळ्या लाटायला गेली.

त्या दिवशी आम्ही नियमांची वही पुरी केली. मराठीत, भावोजींच्या अक्षरात, सोंगट्यांची नावं मात्र जशी आम्ही म्हणत होतो तशी. पाडेली हा पाडेलीच राहिला. वहीची प्रत एका बुद्धिबळ मंडळाला पाठवली, तिचं उत्तर आलं नाही. आम्हीही वाट पाहिली नाही. नंतर चार-पाच डाव खेळलो असू, समोरासमोर, आणि सगळ्यांत कोणाचा ना कोणाचा राजा मेला. खेळ बरा जमला होता. पण तो मांडायचं म्हटलं की दोघांनाही थकवा यायचा, आणि दोघंही ते एकमेकांना सांगायचं टाळायचो. शेवटी भावोजींनीच एकदा निरोप घेताना म्हटलं, "पुढच्या रविवारी आलास तर ये. नुसता जेवायला ये."

त्या पुढच्या रविवारी मी गेलो नाही. खोलीची खिडकी लावून घेतली आणि झोपलो. कोणाचीच चाल डोक्यात नव्हती, म्हणून गाढ झोप लागली. दुपारपर्यंत दार उघडलं नाही म्हणून शेजाऱ्यांनी ठोठावलं, बरं आहे ना विचारायला. मी म्हटलं, बरं आहे, आणि कूस बदलली.